पाठ पंचविसावा

३ जून

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग कागदावरच समजून घे, माझे गुडघे आता तेवढे वाकत नाहीत.

फोनवर तू ऐकत नाहीस आणि मी थांबत नाही, म्हणून हे पत्र. बातमी अशी की मी समितीवर गेले. सहावी ते आठवीच्या मुलांचं अरबी कच्चं आहे असं वरच्या कचेरीच्या लक्षात आलं. ते सुधारायला पूरक पुस्तकं काढायची ठरली आणि लिहायचं काम माझ्यावर आलं. आता या मुलांना अरबी शिकवलं कोणी? एकतीस वर्षं मीच. ज्या वैद्याने रोगी आडवा केला त्यालाच काढा करायला बसवलं म्हणायचं.

समितीत तिघंच आहोत. अध्यक्ष, चित्रकार आणि मी. बैठक शाळेच्या अडगळीच्या खोलीत भरते, मोडक्या बाकांच्या आणि गुंडाळलेल्या नकाशांच्या मधोमध. अध्यक्षांचे नियम ठरलेले आहेत. प्रत्येक पाठात एक चांगली सवय हवी, पाठाखाली दहा प्रश्न हवेत आणि सगळी उत्तरं पुस्तकाच्या शेवटी हवीत. त्याप्रमाणे मी एक मुलगा तयार केला आहे. तो पहाटे आपण होऊन उठतो, दात घासतो, दिसेल त्याचे आभार मानतो. चित्रकाराने तर त्याला अंथरुणातून भांग पाडूनच उठवलं आहे.

चोवीस पाठ तयार आहेत. आता ते करून बघायला असा माणूस हवा ज्याला अरबीचं ओ की ठो कळत नाही. मला पहिली आठवण तुझी झाली. रागावू नकोस, खरं कारण दुसरं आहे. तुझी लेक अरबी मुलखात राहायला गेल्यापासून तुझ्या नातीचं, ठकीचं, सगळं बोलणं अरबीतच. फोनवर तुम्ही दोघं नुसते हात हलवता आणि मधे तुझी लेक दुभाष्यासारखी धावते, असं तूच म्हणाला होतास. ती सात वर्षांची झाली. आणखी दोन वर्षांनी हात हलवायलाही यायची नाही. तेव्हा पाठ कर.

उत्तरी माझ्या चुका लाल शाईने दाखवल्यास तरी हरकत नाही. बाबा आपली वसतिगृहातली पत्रं तपासून, गुण देऊन परत पाठवायचे, ती आपल्या घराण्याची रीतच आहे. तुला दहापैकी चारच्या वर कधी मिळाले नाहीत, हे मी कुणाला सांगत नाही.

माझ्यावर जीव आहे तेवढा राहू दे, पुस्तकावर नसला तरी चालेल.

तुझी,
मास्तरीण

१६ जून

चि. मास्तरीणबाईस,

अ. उ. आ. एकदा पाच मिळाले होते. नोंद करून ठेव.

तुझी पोथी चष्म्यांच्या दुकानात ठेवली आहे, भिंगांच्या पेटीशेजारी. सकाळी दोन तास दुकान उघडतो, गिऱ्हाईक येतं एखादं, बाकी वेळ अभ्यास. पहिल्याच दिवशी मी पराक्रम केला. नेहमीच्या सवयीने डावीकडून उघडून बसलो आणि तीन दिवस मन लावून वाचत होतो ती शेवटची उत्तरं निघाली. अरबी उजवीकडून चालते हे तू सांगितलं होतंस म्हणे. फायदा एवढाच झाला की प्रश्न आले तेव्हा माझी उत्तरं आधीच पाठ होती. पहिल्या चाचणीत पैकीच्या पैकी. बाबा हवे होते बघायला.

आता ‘हाज़ा बाब’ म्हणजे हे दार आहे, ‘हाज़ा कलम’ म्हणजे हे पेन आहे, इथवर मजल गेली. आपल्या दुकानाला तिकडे ‘दुक्कान’ म्हणतात हे वाचून तर मी खुर्चीतून उठलो. चाळीस वर्षं मी अरबीत बसलो होतो आणि मला पत्ता नाही. तुझ्या त्या भांगवाल्या मुलाला मात्र आवर. असा मुलगा शेजारी राहायला आला तर मी घर बदलीन.

रविवारी ठकीवर प्रयोग केला. फोनसमोर पेन धरलं आणि तुझ्या तिसऱ्या पाठातला प्रश्न विचारला, हे पेन आहे का. ठकीने फोन अगदी नाकाला लावला. ती हल्ली तसंच करते, मला नुसता एक डोळा आणि अर्धं नाक दिसतं. लाड असतात एकेकाचे. बराच वेळ पाहिलं आणि मग आईला बोलावून काहीतरी विचारलं. लेक हसत सुटली. ठकी म्हणे विचारत होती, आजोबांना दिसेनासं झालं का.

पण माझ्या अरबीने काम केलं बघ. आठवड्याभरात ठकीचं पत्र आलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, थेट माझ्या नावावर. सात-आठ ओळी आहेत आणि खाली चष्म्याचं चित्र. मी ते दोन दिवस दुकानातल्या काचेखाली ठेवलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. दाखवण्यापलीकडे मला काय जमणार, त्यातलं ‘हे पेन आहे’ एवढंही कुठे सापडलं नाही. सोबत पाठवतो आहे. वाच, काय लिहिलंय ते मला सांग आणि पत्र परत पाठव. जपून पाठव.

आशीर्वाद नेहमीचेच, फक्त या वेळी उजवीकडून डावीकडे.

तुझा,
दादा

२८ जून

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तू पैकीच्या पैकी मिळवलेस ते मी समितीला सांगितलं. कसे मिळवलेस ते सांगितलं नाही.

ठकीचं पत्र वाचलं. गोड आहे पोर. तिचा पुढचा दात पडला, जिन्यात एक मांजर येऊन राहिलंय, बाकी शाळेबद्दल काहीबाही आहे. मजकूर म्हणशील तर एवढाच. शुद्धलेखन मात्र फार कच्चं. अरबीत बऱ्याच अक्षरांची अंगकाठी सारखीच असते, वर-खाली किती टिंबं दिली त्यावर अक्षर ठरतं. ठकीच्या चौदा चुका निघाल्या आणि चौदाही टिंबांच्याच. मी लाल शाईने सगळ्या दाखवल्या, दहापैकी सहा गुण दिले, टिंबांकडे लक्ष दे असा शेरा लिहिला आणि तुझी टपालाची खेप वाचावी म्हणून पत्र परस्पर तिच्याच पत्त्यावर धाडलं. आत्याआजीकडून वेळेवर वळण लागलं तर पुढे कामाला येईल.

इकडे माझी फजिती झाली ती ऐक. परवा शाळेत खोकी पोचवायला अरबी मुलखातून नवाच आलेला एक माणूस आला. त्याला अरबीशिवाय काही येत नव्हतं. तो वर्गाच्या दारात उभा राहून काहीतरी विचारायला लागला. माझा आठवीचा वर्ग, चाचणीत कोणी आठाच्या खाली नाही. सगळ्यांची दातखीळ बसली. शेवटी पहिल्या नंबरची मुलगी उठली, बोट दाखवलं आणि स्पष्ट उच्चारात म्हणाली की हे दार आहे. दार होतंच ते, त्या माणसाने मान्य केलं आणि पुन्हा तेच विचारलं. मग मी पदर सावरून पुढे झाले आणि त्याला असं काही भारदस्त वाक्य टाकलं की बिचारा टोपी काढून कोर्टात उभं राहिल्यासारखा उभा राहिला. त्याला फक्त स्वच्छतागृह कुठे आहे ते हवं होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला हे कोणी अरबीतून विचारलं नव्हतं.

असो. पुस्तक मंजूर झालं. चोवीसही पाठांवर अध्यक्षांचा शिक्का बसला. निवृत्तीला अकरा महिने आहेत, जाताना हातात काहीतरी असेल.

लोभाचं तूच बघ, मी सध्या ग्रंथकर्ती आहे.

तुझी,
मास्तरीण

१५ जुलै

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. हे पत्र तुला एकटीला लिहिते आहे, बाबांना कळवू नकोस.

ठकी फोनवर येत नाही. तीन रविवार झाले. बाबांचा फोन आला की तिचं पोट दुखतं, नाहीतर ती न्हाणीघरात जाऊन कडी लावते. मी बाबांना सांगते की ती खेळायला गेली आहे. ते पलीकडे वही उघडून बसलेले असतात ते मला दिसतं. ती नाही म्हटल्यावर वही मिटतात आणि मला विचारतात की हवा कशी आहे.

तुझं टपाल आलं त्या दिवसापासून हे सुरू झालं. तिला वाटलं आजोबांचं उत्तर आलं. घरात कोणाला हात लावू दिला नाही, खिडकीत जाऊन स्वतः उघडलं. पत्राचे तुकडे मला कचऱ्यात सापडले, ओले झालेले, काही वाचता येईना. खूप खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली की मी आजोबांना विचारलं होतं, उत्तर आलं नाही, लाल आलं. काय विचारलं होतं ते काही केल्या सांगत नाही.

आत्या, मी तुला बोल लावत नाही. मी याच घरात वाढले आहे. बाबांनी मला सासरी पहिलं पत्र पाठवलं त्यात माझ्याच पत्रातल्या दोन चुका कळवल्या होत्या. आणि पोरीला आपली भाषा धड आली असती तर तुला मधे पडावंच लागलं नसतं. मी आपल्या भाषेत बोलते, ती अरबीत उत्तर देते आणि संध्याकाळी ऑफिसातून दमून आल्यावर मी तेच चालवून घेते. यात माझीच चूक जास्त आहे.

शाळेतूनही तक्रार आली आहे. फळ्यावरचं उतरवत नाही, शेजारणीच्या वहीत बघते, हल्ली लक्षच नसतं. मी रागावले. आता वाटतं उगाच रागावले. तुला आठवत असेल तर एवढं सांग, तिने त्या पत्रात विचारलं काय होतं?

उत्तर लवकर आलं तर फार बरं वाटेल. तू दिलेल्या गुणांचं मी बघून घेईन.

तुझी,
भाची

२३ जुलै

ती. दादास,

नमस्कार. आज विनंती विशेष आहे आणि ती क्षमेची आहे. हे पत्र बसून वाच.

तुझी लेक मला म्हणाली होती की बाबांना सांगू नकोस. मी सांगते आहे, तिच्याशी मी भांडेन. ठकी खेळायला जात नाही, दादा. ती तुझ्या फोनपासून लपते आणि त्याला कारण मी आहे. तिने पत्रात तुला काहीतरी विचारलं होतं. मला काय विचारलं ते आठवेना. आख्खं पत्र मी ओळ न् ओळ तपासलं होतं आणि मला आठवत होते ते फक्त गुण.

माझ्याकडे चुकांची वही असते. कोणत्या मुलाचं काय चुकलं ते शब्द त्यात उतरवायचे, म्हणजे पुढच्या वेळी तेच विचारता येतात. ठकीचेही उतरवले होते, सवयीने. काल वही काढली. तिच्या नावाखाली चौदा शब्द आहेत. दात, मांजर, जिना, शाळा हे पहिले. मग फळा. मग मुंग्या. मग चष्मा, दुखणं, हसतात, आई, सांगू नका. शेवटचे तीन कुठले ते आता बघवत नाही. शब्द ओळीने वाचले आणि पत्र आपोआप उभं राहिलं. आजोबा, फळ्यावरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. चष्मा लावला तर दुखतं का? वर्गात चष्म्याच्या मुलीला हसतात. आईला सांगू नका.

चष्म्याचं चित्र होतं खाली. मी त्याला चित्रकला समजले. आणि ‘मुंग्या’ या शब्दाच्या समासात मी काय लिहिलं होतं ते सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. उपमा चांगली, असं लिहिलं होतं.

सात वर्षांच्या पोरीने सगळ्या घरात एका माणसाला विश्वासाने विचारलं आणि मी तिला दहापैकी सहा दिले. एकतीस वर्षांत किती वह्यांना असं केलं असेन देव जाणे. मला शाळेत मुलं काय म्हणतात ठाऊक आहे? लाल दिवा. मला वाटायचं कौतुकाने म्हणतात.

तू रागाव. मी वाचीन.

तुझी,
धाकटी

१ ऑगस्ट

चि. धाकटीस,

आशीर्वाद. रागावलो होतो. पाच दिवस तुझं पत्र काचेखाली ठेवलं होतं, जिथे तिचं होतं तिथेच. ठकीचं ते पत्र माझं होतं. तुला वाचायला दिलं होतं, तपासायला नाही. एवढं एकदा लिहून टाकतो म्हणजे पुढचं लिहिता येईल.

आता माझं ऐक. पोर फोन नाकाला लावून माझ्याकडे बघत होती आणि मी, चाळीस वर्षांचा चष्मेवाला, म्हणत होतो लाड असतात. दुसऱ्या कोणाचं मूल असतं तर मी दारातूनच सांगितलं असतं की बसा, नंबर आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शिवाय तुझ्या त्या चौदाही चुका टिंबांच्याच होत्या ना? ती फळ्यावरून शब्द शिकते. तिला अक्षर दिसतं, टिंब दिसत नाही. जेवढं दिसलं तेवढं पोरीने लिहिलं. तू निदान करून मला कळवलं होतंस, दोघांनाही ते वाचता आलं नाही.

लेकीशी बोललो. ती रडली, मग कामाला लागली. शाळेत डोळे तपासले होते तेव्हा ठकी पास झाली होती म्हणे. आता कळलं की रांगेत पुढच्या मुलांचं ऐकून तिने तक्ता पाठ केला होता. तपासणाऱ्याने तेच विचारलं जे त्याच्या हातातल्या कागदावर होतं, तिने तेच सांगितलं. दहापैकी दहा. मीही तुझ्या पुस्तकात तसाच पास झालो होतो.

यावरून मी विचार करत बसलो. मी गिऱ्हाइकाला जन्मभर एकच प्रश्न विचारला. एक काच लावायची, मग दुसरी लावायची आणि विचारायचं की पहिली बरी की दुसरी. उत्तर मला ठाऊक नसतं, म्हणून तर विचारतो. तुझ्या चोवीस पाठांत दोनशे चाळीस प्रश्न आहेत, मी मोजले. त्यातला एकही असा नाही ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत नाही. दार दिसत असताना हे दार आहे का, असं शहाणा माणूस कशाला विचारील? सवाल आणि जवाब हे दोन्ही शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतले म्हणतात. त्यातला सवाल मधेच कुठेतरी सांडला असावा.

बावीस तारखेला लेक तिला तिथल्या चष्म्याच्या दुकानात नेणार आहे. ठकी तयार नव्हती. आजोबा फोनवर असतील असं सांगितलं तरी न्हाणीघरात मात्र गेली नाही. तर मला एक पाठ लिहून दे. तिथे बसून मी तिला काय विचारायचं तेवढंच. उत्तरं मागे छापू नकोस.

राग उतरला आहे. थोडा शिल्लक आहे, तो भेटीत देईन.

तुझा,
दादा

९ ऑगस्ट

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पाठ पंचविसावा सोबत आहे. आठ वाक्यं आहेत. चोवीस पाठांना मिळून जेवढी खाडाखोड झाली नाही तेवढी या आठांना झाली. उच्चार आपल्या लिपीत खाली दिले आहेत. ‘अव्वल’ तुला येतोच, ‘सानी’ म्हणजे दुसरं. सातवं वाक्य नीट पाठ कर, माझ्या मते सगळा पाठ त्याच्यासाठी आहे.

याचीच एक प्रत ठकीला पाठवली आहे. सोबत एक पत्र लिहिलं की मी तुझं पत्र वाचायच्या ऐवजी तपासलं, ही माझी चूक, तुझी एकही नाही. आणि पाकिटात एक लाल पेन्सिल घातली. तिला लिहिलं की मी पुस्तकातलं अरबी लिहिते, तुम्ही लोक बोलता कसं ते मला माहीत नाही, तेव्हा माझा पाठ तू तपास. उत्तर येईल असं मी धरून चाललेले नाही.

मग समितीत गेले आणि पुस्तक परत मागितलं. अध्यक्ष म्हणाले की मंजूर झालेलं पुस्तक लेखकानेच परत मागितल्याचं त्यांच्या पाहण्यात नाही, त्यासाठी अर्जाचा नमुनाही नाही. मी म्हटलं, साधा कागद चालेल. प्रश्नांची उत्तरं मागे नसतील तर शिक्षकाने तपासायचं कसं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुलाला विचारून. हा प्रश्न त्यांनी उत्तर माहीत नसताना विचारला होता, म्हणून मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच जरा आदर वाटला. शेवटी तीन पाठ नव्याने लिहून आठवीवर करून बघायचे आणि मग ठरवायचं, एवढ्यावर सुटका झाली. पहिला पाठ खोकी घेऊन आलेल्या माणसाचा आहे. चित्रकार खूश आहे, त्याला भांग पाडून कंटाळा आला होता.

बावीसला मी शाळेत असेन. शिकवीन काय ते देव जाणे.

तुझी,
मास्तरीण (तात्पुरती)

२३ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईस,

अ. उ. आ. सविस्तर लिहितो, तू वाट बघत असशील.

लेकीने फोन त्या दुकानातल्या गल्ल्यावर टेकून ठेवला होता. दुकान माझ्यासारखंच आहे, फक्त आरसे जास्त. तिथला चष्मेवाला तरुण आहे. मी धंद्यातला आहे असं लेकीने त्याला सांगितलं असावं, कारण तो मला बघून बाजूला सरकला आणि काच बदलायचं काम तेवढं त्याने स्वतःकडे ठेवलं. ठकी उंच खुर्चीत बसली होती, नाकावर ती तपासणीची लोखंडी चौकट. माझ्याकडे बघतच नव्हती.

मी तुझा कागद धरला. त्याने पहिली काच घातली, मग दुसरी. मी विचारलं, पहिलं की दुसरं. ठकीने आधी आईकडे पाहिलं, मग त्या चष्मेवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं. मला हे चाळीस वर्षं ठाऊक आहे. बरोबर उत्तर कोणतं ते ती शोधत होती. तेव्हा मी तुझं सातवं वाक्य म्हटलं: “मला उत्तर माहीत नाही. ते फक्त तुलाच माहीत आहे.”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, कागदाकडे न बघता. त्याने काचा पुन्हा फिरवल्या. मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, ‘तानी’. तू ‘सानी’ शिकवलं होतंस, तिच्या तोंडी ‘तानी’ आहे, पण कळलं मला. मग मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. एकदा तर तिने पहिलंही नाही आणि दुसरंही नाही म्हणून सांगितलं, त्या तरुणाने माझ्याकडे बघून मान हलवली. अशी गिऱ्हाइकं फार थोडी मिळतात. नंबर बराच आहे. पोर वर्षभर तरी मुंग्याच वाचत होती.

दुखतं का, हा प्रश्न तिने दोन महिन्यांनी मला पुन्हा विचारला. त्याचं उत्तर आठव्या वाक्यात तू लिहूनच ठेवलं होतंस. नाकावर दोन दिवस जड वाटतं, मग विसरायला होतं. मी माझा चष्मा काढून नाकावरचे दोन खड्डे दाखवले. ती फोनजवळ आली आणि बोट लावून बघितलं, काचेलाच.

मग लेकीने फोन उचलला आणि सगळे दाराबाहेर गेले. त्या तरुणाने नव्या चौकटीत काचा घालून दिल्या होत्या. ठकी पायरीवर उभी राहिली आणि समोरच्या पाट्या वाचायला लागली. मोठ्याने वाचत होती, एक झाली की दुसरी, रस्त्याच्या टोकापर्यंत. मला त्यातलं फक्त ‘दुक्कान’ कळलं. ते आलं की मी हात वर करत होतो. चार वेळा आलं.

आज सकाळी तिने स्वतः फोन लावला. मी रडलो हे कोणाला सांगू नकोस, लेकीने पाहिलं आहे तेवढं पुरे.

जीव लावतेस तेवढा लावत राहा. पाठ सव्विसावा पाठव.

तुझा,
दादा

६ सप्टेंबर

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मी आठवीच्या वर्गात वाचून दाखवलं, शेवटची ओळ सोडून. मग पहिल्या नंबरच्या मुलीने मला विचारलं की बाई, तुम्हाला अरबी आवडतं का. एकतीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि उत्तर पाठ नव्हतं. विचार करून सांगते म्हटलं.

आज ठकीचं पाकीट आलं. पाठ पंचविसावा, पुरा तपासून. आठ वाक्यांत अकरा ठिकाणी लाल रेघा आहेत. एका वाक्यावर तर तिने सरळ काट मारली आणि समासात लिहिलं की असं कोणी बोलत नाही. टिंबं सगळी जागच्या जागी आहेत, मी तपासलं नाही, नुसतं दिसलं. मला दहापैकी सहा दिले आहेत. मोजून सहा, पोर कोणाचं काही ठेवत नाही. आपल्याच घरची आहे.

खाली शेरा आहे. तो तुझ्यासाठी आपल्या भाषेत उतरवते. आत्याआजी, तुम्हाला चष्मा आहे का? माझ्या पत्रातला प्रश्न तुम्हाला दिसला नाही, म्हणून विचारते. नसेल तर माझे आजोबा देतात. दुखत नाही.

मी तिला लगेच उत्तर लिहिलं, या वेळी आधी उत्तर आणि मग बाकीचं. लिहिलं की चष्मा आहे, पण फार जुना झाला, नंबर बदललेला दिसतो.

तेव्हा दादा, पुढच्या सुट्टीत मी येते आहे. दुकान किती वाजता उघडतोस ते कळव. खरंच माहीत नाही, म्हणून विचारते.

तुझी,
दहापैकी सहा